वयाचं किती आणि माझं किती

ही माझी सख्खी धाकटी बहीण. आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं मी तिचं कौतुक सुरू केलं की कोणीतरी विचारणार, हा कोण टिकोजीराव? तर मी तिचा थोरला भाऊ. तिच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या कोटाला इस्त्री मी केली होती, आणि अशी केली होती की फोटोत आधी कोटाची कड दिसते, मग मेहुणे दिसतात.

आमची लाँड्री आहे. पुढं मी, वाफेच्या इस्त्रीवर. मागं खिडकीशी ती, रफूच्या टेबलावर. मी सातवी पास, ती दहावी, म्हणजे दोघांचं मिळून ग्रॅज्युएशनच्याही पुढं जातं. कोटाला ठिणगीनं पडलेलं भोक असो नाहीतर उंदरानं कुरतडलेली बाही असो, धाकटी त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरे ओढून काढते, उभे-आडवे विणते, आणि भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकालाच शोधायला लावते. एकदा एक वकीलबाई काउंटरवर भांडायला उभ्या राहिल्या, की हा कोट माझा नव्हेच, माझ्या कोटाला भोक होतं. असा हात आहे. पण मी हाताबद्दल सांगायला बसलेलो नाही. पायाबद्दल सांगायचंय.

धाकटी पळते. गाडी सुटतेय म्हणून नाही, कुत्रं मागं लागलंय म्हणून नाही, आपली आपण पळते. शाळेत असताना जी सुरुवात केली ती आजतागायत थांबली नाही. लग्न झालं, लेक झाली, सासूबाईंचं आजारपण झालं, मधेमधे चार-सहा महिने खंड पडला असेल तेवढाच. आता एक्कावन्न वर्षांची आहे. आमच्या इथं तळ्याभोवती दर वर्षी शर्यत होते, दोन फेऱ्या, दहा किलोमीटर. तिशीत ती पन्नास मिनिटांत यायची. चाळिशीत पंचावन्न झाली. मग पुरता तास. गेल्या वर्षी तासावर चार.

दुसरी कोणी असती तर आरशापुढं बसून सुस्कारे टाकले असते. धाकटीचं तसं नाही. कापडाला भोक दिसलं की तिला वाईट वाटत नाही. ते कशानं पडलं ते आधी कळायला हवं असतं. कसर लागली, खिळ्यात अडकलं, की कोणी कात्री घातली? ते समजल्याशिवाय ती सुईत दोरा ओवत नाही. तर त्या चौदा मिनिटांनी तिच्या डोक्यात असंच घर केलं.

"दादा," एका सकाळी तळ्यावर ती पळता पळता म्हणाली. मी नेहमीसारखा शेजारी सायकलवर. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरनं मला सायकल लावून दिलीय, आणि सायकल चालवायचीच तर एकट्यानं कशाला? पाण्याची बाटली, नॅपकिन आणि सोबत, तिन्ही माझ्याकडे. "दादा, ही जी वरची चौदा मिनिटं झालीत ना, त्यातली वयाची किती आणि माझी किती?"

"सगळी वयाची," मी म्हणालो. "तुझं एक मिनिटही नाही. आपल्या घराण्यात आळशी माणूस औषधालासुद्धा मिळायचा नाही."

"तसं असेल तर वाईट झालं."

"वाईट काय त्यात?"

"अरे, वयाची असतील तर ती गेली. वय काही उसवून परत शिवता येत नाही. पण माझ्या हयगयीची असतील, तर त्यातली थोडी तरी परत मिळतील की नाही?"

स्वतःचीच चूक निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

आणि हे नुसतं कुतूहल नव्हतं, त्यावर एक गोष्ट अडकलेली होती. यंदापासून शर्यतीत दोन गट केले होते. एक घड्याळाचा गट, ज्यात तुमची वेळ लागते आणि नंबर लागतो. दुसरा निवांत गट; त्यात वेळ नाही, नंबर नाही, पळा, चाला, फोटो काढा. नावं खेळाच्या सामानाच्या दुकानात द्यायची होती, सोमवारपर्यंत. धाकटी विचारायला गेली तर दुकानदारानं तिच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आपणहून निवांत गटाचा कागद पुढं सरकवला. "ताई, पन्नाशीपुढची मंडळी यातच सुखी असतात," म्हणाला.

ती कागदाला हात न लावता परत आली.

"निवांत गट म्हणजे लिंबूटिंबू," मला म्हणाली. "पण दादा, मी खरंच लिंबूटिंबू झाले असेन तर तिथं उभं राहायची मला लाज नाही. वयानंच नेलं असेल तर कशाला घड्याळाशी भांडा? फक्त मला खरं कळू दे. न कळता मी कुठल्याच कागदावर नाव घालणार नाही."

माझी मात्र पंचाईत झाली होती. इस्त्रीला येणाऱ्या प्रत्येकाला मी कधीच सांगून बसलो होतो, यंदा आमची धाकटी तासाच्या आत येणार.

"कोणाला विचारून सांगितलंस?"

"शुभ बोलायला विचारावं लागतं होय?"

मग तिनं शोध सुरू केला. आधी डॉक्टर. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली आणि म्हणाले, "उत्तम आहे. या वयात एवढं पळता, आणखी काय पाहिजे?" बाहेर येऊन धाकटी म्हणाली, "मी विचारलं किती, हे सांगतात उत्तम. भाव विचारला तर दुकानदार 'माल चांगला आहे' म्हणतो, तसं झालं."

नंतर लेकीला विचारलं. माझी भाची हुशार आहे, मामावर गेलीय. तिनं मोबाइलवर कसलासा तक्ता काढला, आईचं वय घातलं, वेळ घातली. "आई, पंचावन्न टक्के."

"कशाचे?"

"तुझ्या वयाची जगातली सगळ्यात वेगवान बाई शंभर धरली, तर तू पंचावन्न."

"पंचावन्न म्हणजे सेकंड क्लास!" मी टेबलावर हात आपटला. "आपल्या घरात एवढे मार्क कोणाला पडलेत?"

"मामा, थांब जरा."

धाकटी विचार करत होती. "ती जगातली बाई," ती म्हणाली, "दिवसभर खुर्चीत वाकून रफू करते का?"

"मला काय माहीत आई! नसेल करत."

"मग ती आणि मी एका कापडाच्या नाही. साटीनशेजारी घोंगडी ठेवून घोंगडी किती विटली ते कसं कळणार?"

भाचीनं मोबाइल बंद केला. मी विषय नाही बंद केला. पंचावन्न टक्के मी दुसऱ्या दिवशी सात गिऱ्हाइकांना सांगितले.

त्याच आठवड्यात दुकानात दोन म्हातारे आले, सख्खे भाऊ. दोघांचे कोट तरुणपणी एकाच ताग्यातून शिवलेले. एकानं रोज कचेरीत घातला होता, दुसऱ्यानं लग्नकार्यापुरता काढून परत कपाटात टांगला होता. रोजच्या कोटाला कोपरावर भोक. म्हातारे म्हणाले, याच्यातून दोरे काढून त्याला लावा. धाकटीनं दोन्ही कोट खिडकीत उजेडाला धरले. एक राखाडी, एक जवळजवळ काळा. एकाच दिवशी एकाच कात्रीनं कापलेले. ती कितीतरी वेळ नुसती बघत बसली. त्या दोघांमधला फरक म्हणजे वापर. तिच्या मनात आलं, विटलंय किती ते असं बघायचं असतं, ताग्यातला जोडीदार शेजारी ठेवून.

"दादा," तिनं मागून हाक मारली, "टोळ कुठं असते रे हल्ली?"

टोळ म्हणजे तिची शाळेतली जोडीदारीण. लांबच लांब पायांमुळं सगळी शाळा तिला टोळ म्हणायची. दोघींचा वर्ग एक, मैदान एक, शिकवणारे सर एक, वयसुद्धा महिन्याच्या फरकानं सारखं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत टोळ पहिली आणि धाकटी दुसरी, आणि मधलं अंतर दर वेळी तेच, हातभर. मी स्वतः दोरीपाशी उभा राहून बघितलेलं आहे. धाकटीचा हिशेब सरळ होता. आजही टोळ हातभरच पुढं राहिली, तर दोघींना जे झालंय ते वयानं. त्याहून फार पुढं गेली, तर वरचं सगळं धाकटीच्या पदरात.

टोळेला शोधायला मला एक सकाळ पुरली. या भागात मला न ओळखणारा माणूस एकतर काल जन्मलेला असतो, नाहीतर बिनइस्त्रीचे कपडे घालणारा असतो. टोळ शाळेची बस चालवत होती. आम्ही गेलो तेव्हा डेपोत बसच्या चाकावर एक पाय ठेवून पुढची काच पुसत होती. पाय अजून तेवढेच लांब.

"अगं बाई!" ती तिथूनच ओरडली. "मी म्हटलं कोण गिड्डी येतेय तुरुतुरु!"

"गिड्डी असले तरी बसच्या चाकावर चढावं नाही लागत मला."

"कारण तुला बस कोणी देणार नाही. पेडलला पाय पुरायला नकोत?" तिनं फडकं पिळलं, खाली उतरली आणि धाकटीचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "बोल. लग्नाची पत्रिका आणलीस की वर्गणी मागायला आलीस?"

"तू पळतेस का अजून?"

"पळते की."

"माझ्याबरोबर पळशील? येत्या रविवारी?"

टोळेनं माझ्याकडं बघितलं. "दादा, हिला झालंय काय?"

मी सगळं सांगितलं, थोडं मीठमसाला लावून. टोळ हसली, पण कबूल झाली. एक गोष्ट मात्र त्या गडबडीत विचारायची राहून गेली, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. ते पुढं येईल.

रविवारी उजाडता उजाडता दोघी तळ्यावर. मी सायकलवर, हातात घड्याळ. पहिली फेरी दोघी जवळजवळ बरोबर होत्या. टोळ दोन पावलं पुढं, मागं धाकटी, धाकटीशेजारी मी. धाकटी टोळेची पावलं न्याहाळत होती. "दादा, बघ, डावा पाय अजून बाहेर टाकते." मी म्हणालो, बस चालवून झालं असेल. मग दुकानातल्या बॉयलरच्या गळतीचा विषय निघाला, तो बदलायचा की दुरुस्त करायचा. मग मेहुण्यांच्या चष्म्याचा. दुसऱ्या फेरीला टोळेनं मान खाली घातली आणि निघाली. बघता बघता वळणाआड गेली. पंपहाऊसपाशी मला तिची पाठ दिसली, तीही खेळण्याएवढी.

टोळ आली अठ्ठावन्नला. धाकटी त्रेसष्टला.

टोळ बाकावर आडवी पडली होती, तोंड लालबुंद, भात्यासारखी छाती वरखाली होत होती. धाकटी आली ती दुरूनच ओरडत. "दादा! कितीनं? पाच? पुरती पाच?"

"पाच," मी पडलेल्या तोंडानं म्हणालो. गिऱ्हाइकांना काय सांगायचं याची मला चिंता.

"म्हणजे पाच माझी!" ती टाळ्या वाजवायला लागली. "वयानं नाही नेलेली, मी घालवलेली! सापडली की नाही!"

टोळ एका कोपरावर उठली. "काय सापडलं?"

"हातभराचं अंतर होतं आपल्यात, आता पाच मिनिटांचं झालं. दोघींचं वय तर एकच आहे. मग बाकीचं माझंच ना?"

टोळ उठून नीट बसली. "अगं येडे," ती म्हणाली, "मी तीन वर्षांपूर्वी सुरुवात केली. लग्नानंतर बूट माळ्यावर टाकले होते ते डॉक्टरनं ब्लडप्रेशर सांगितलं तेव्हा खाली काढले. पहिल्या वर्षी मला या दोन फेऱ्यांना पंचाहत्तर मिनिटं लागायची. दर वर्षी कमी होतायत. कुठवर कमी होणार ते मलाच बघायचंय."

धाकटीनं टाळ्यांचे हात खाली घेतले. मग हळूच बाकाच्या कडेवर टेकली.

"दादा," म्हणाली, "ही कपाटातला कोट निघाली."

ती चुकली होती, आणि रफूवालीच चुकेल तशी चुकली होती. तागा एकच बघितला आणि वापर बघायचा विसरली. एकीचे पाय पंचवीस-तीस वर्षं घडी घालून ठेवलेले, आत्ता कुठं अंगावर चढलेले. दुसरीचे रोज उन्हात. अशा दोघींना शेजारी धरून वयाचं माप कसं निघणार? तिचा चेहरा उतरला. उद्या सोमवार, आणि हातात काहीच नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "निवांत तर निवांत."

मला ते ऐकवेना. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात टोळ म्हणाली, "मी एक विचारू का? तू दमतेस कधी?"

"म्हणजे?"

"अगं, पहिली अख्खी फेरी मी पुढं होते आणि मागून बॉयलर ऐकत होते. मग चष्मा ऐकला. मला श्वास घ्यायला तोंड पुरत नव्हतं आणि तुमची दोघांची बैठक चालली होती! आत्ता आलीस तीही बोलतच आलीस. शेवटच्या वळणावर ओरडायला वारा कुठून आणलास?"

"मी तर नेहमीच बोलते," धाकटी म्हणाली.

"केव्हापासून?"

धाकटीनं आठवून बघितलं. "दादाचा गुडघा झाल्यापासून. बारा-तेरा वर्षं झाली असतील."

"आणि शर्यतीत?"

"शर्यतीतसुद्धा दादा कडेकडेनं सायकलवर असतोच."

टोळेनं कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आणि तळ्याला वळसा! डॉक्टर झाला, मोबाइल झाला, मला डेपोतून उचलून आणलं, आणि हा सायकलवर बसलाय!"

धाकटीनं वळून माझ्याकडं बघितलं. भोक कशानं पडलं ते सापडलं की ती कापडाकडं जशी बघते, अगदी तसं. राग नाही, काही नाही. नुसतं, अस्सं होय.

आता मी माझी बाजू सांगतो, कारण ती बिनतोड आहे. त्या तळ्यावर आम्ही भाचीचं शिक्षण ठरवलं, दुसरं मशीन घ्यायचं ठरवलं, आईच्या शेवटच्या दिवसांत कोण कधी थांबणार ते ठरवलं. दुकानात वाफेच्या आवाजात दोन वाक्यं धड होत नाहीत. मी सोबत नसतो तर ती पळत राहिली असती का, हेही कोणी सांगावं? मी हे सगळं तिथंच बोलून दाखवलं.

"दादा, त्यातल्या एकाही शब्दाचं मला वाईट वाटत नाही," धाकटी म्हणाली. "मला तर हे फार आवडलं. इतकी वर्षं मी बोलता येईल इतपतच पळतेय आणि मला पत्ताच नाही! म्हणजे ती मिनिटं माझी असतील. नसतीलही. पण बघता येण्यासारखी आहेत." ती उठली. "उद्या तू मागं राहायचं. आणि बोलायचं नाही."

"पाणी लागलं तर?"

"हात करीन."

टोळ पोट धरून हसत होती. "दादा, तुम्हाला जमेल? नाहीतर मी बसमध्ये बसवते, चाळीस पोरांना गप्प करते मी रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी निघाली ती बंदुकीतून सुटल्यासारखी. मी बरंच मागं, ओठ घट्ट मिटून. पहिली फेरी इतक्या जोरात घेतली की घड्याळ बघून मला ओरडावंसं वाटलं. मी हँडल आवळून धरलं. दुसऱ्या फेरीत पंपहाऊसपाशी तिचे पाय जड झाले. थोडं पुढं जाऊन ती चालायला लागली. मग पळाली, मग पुन्हा चालली. आली तेव्हा सत्तर मिनिटं होऊन गेली होती, गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात वाईट वेळ. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहिली, घाम जमिनीवर टपटपत होता, आणि मी काही विचारायच्या आत तिनं एक बोट वर केलं. थांब. बोलता येत नव्हतं. माझ्या बहिणीला बोलता येत नव्हतं! ते बोट बराच वेळ तसंच वर राहिलं.

मग मान वर करून बघितलं तर ही हसतेय.

"आत... आहे... अजून," एवढंच म्हणाली. थोडा दम खाऊन पुढं, "किती ते... नाही कळलं. फार जोरात सुटले. पण आहे, दादा."

घरी गेली नाही. तशीच ओल्या कपड्यांनी खेळाच्या सामानाच्या दुकानाकडं निघाली. दुकान उघडायला अवकाश होता. पायरीवर बसली, बुटाच्या नाड्या सोडल्या, पाय लांब केले आणि मला हातानंच म्हणाली, तू जा.

त्या दिवशी लाँड्री मी एकट्यानं उघडली. पहिलं गिऱ्हाईक रफूला टाकलेली पँट न्यायला आलं. मागच्या रिकाम्या टेबलाकडं बघून म्हणालं, "ताई कुठं?"

"घड्याळाच्या गटात," मी म्हणालो.